कन्नड घाट उतरण्याआधी: स्पोर्ट्स कारचं ब्रेक ऑइल घरी कसं बदलावं

जोमदार गाडी दारात आली की पहिला पैसा एक्झॉस्टवर आणि रिमॅपवर (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल) जातो. जळगाव-भुसावळकडे तरी हा क्रम उलटा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. अशा दिवसांत संभाजीनगरहून येताना कन्नड घाट जरा रंगात येऊन उतरलात, तर चाळीसगावच्या बाजूला पायथ्याशी पोहोचेपर्यंत ब्रेकचं पेडल मऊ लागू शकतं. तेव्हा आधी थांबायची ताकद वाढवा, पळायची नंतर बघू. हे काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकलेलं बरं.

पेडल मऊ का पडतं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर कॅलिपर (चाकातल्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) तापतात, आतलं पाणी उकळतं आणि त्याची वाफ होते. ऑइल दबत नाही, वाफ दबते. मग पाय खाली जातो आणि गाडी पुढेच जात राहते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली, तरी साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच.

सामान फार नाही: ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, निपलला (कॅलिपरवरचं ऑइल काढायचं छोटं तोंड) बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, प्लास्टिकची बाटली, मेडिकलमधली मोठी सिरिंज, जॅक आणि जॅक स्टँड. उघडून ठेवलेला अर्धा डबा कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. शिवाय एक माणूस लागतो पेडल दाबायला. शेव-भाजीचा वायदा केला की मित्र येतो.

गाडी काँक्रीटच्या कोब्यावर घ्या. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी जॅक स्टँडवर टेकवून मगच चाक काढा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

आधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढा आणि नवं भरा. मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) सर्वांत लांबचं चाक, म्हणजे बहुतेक गाड्यांत मागचं डावं. त्यानंतर मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही एबीएस गाड्यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे मॅन्युअल बघून घ्या.

निपलवरचं रबरी टोपण काढा, पाना अडकवा, निपलवर नळी चढवा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. मित्राला म्हणा, ‘दाब आणि धरून ठेव.’ निपल पाव फेरा सैल करा. चहाच्या रंगाचं ऑइल नळीतून सरकेल, बुडबुडेही दिसतील. निपल घट्ट करा आणि मगच म्हणा, ‘सोड.’ निपल उघडं असताना पाय उचलला की हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नळीत फिकट, स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच चालू ठेवा. अधूनमधून टाकीत डोकावा. पातळी किमान खुणेच्या खाली गेली तरी हवा शिरू शकते. बॉनेटवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उडतो. जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

चाकं काढलीच आहेत तर पॅडही बघा. जाडी ३ मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर नवे घाला. नवे पॅड बसवायला कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर चढतं, ते ओसंडू देऊ नका. मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर ते काम गॅरेजलाच द्या, पिस्टन ढकलायच्या भानगडीत पडू नका. पॅड बसले की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पहिल्याच वळणावर रिकामं पेडल लागणं महागात पडतं. नंतर नवे पॅड रुळवायला पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत सात-आठ वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, आणि मग ब्रेक न वापरता थोडं चालवून डिस्क निवू द्या.

कूलंटचं थोडक्यात: बोअरचं पाणी टाकू नका, त्याचा क्षार रेडिएटरमध्ये धरतो. गाडीच्या मॅन्युअलमधल्या प्रकाराचंच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलेलं वापरा आणि इंजिन गरम असताना झाकणाला हात लावू नका. टायरच्या बाजूवर ‘२३२१’ असे चार आकडे असले तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा.

अपग्रेडचा हात खाजत असेल तर जास्त उष्णता सोसणारे रस्त्यावरचे पॅड आणि स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज (ऑइलच्या नळ्या), यात पैसा सार्थकी लागतो. शर्यतीचे पॅड घेऊ नका, थंड असताना ते नीट धरत नाहीत. डॉट ४ ऐवजी डॉट ५.१ चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही. मोठ्या आवाजाच्या एक्झॉस्टबद्दल एवढंच: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याच्या दाव्यातही असे बदल आडवे येतात, तेव्हा एक्झॉस्ट बदललाच तर जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका.