नवपुराणमतवादाचा अभ्यास कसा करावा

नाशिकमध्ये, मग ते कॉलेज रोडवरील महाविद्यालय असो वा मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र, राज्यशास्त्राचे बरेच विद्यार्थी नवपुराणमतवादाचे (नियोकॉन्झर्व्हेटिझम या अमेरिकी राजकीय विचारधारेचे) टिपण २००३ च्या इराक युद्धापासून सुरू करतात आणि तेथेच संपवतात. असे करू नये. आधी १९६० च्या दशकातील अमेरिकेचे अंतर्गत राजकारण वाचावे, कारण तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ‘ग्रेट सोसायटी’ या गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनांविषयीचा भ्रमनिरास आणि त्या काळच्या जहाल तरुणांच्या नवडाव्या चळवळीविषयीची नाराजी यांतून ही विचारधारा घडली. तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी (रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की यांना मानणारे साम्यवादी) असलेले लेखक आयर्व्हिंग क्रिस्टल यांनी समाजशास्त्रज्ञ डॅनियल बेल यांच्यासह १९६५ मध्ये ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे नियतकालिक काढले. हेतू चांगला असलेल्या सरकारी योजनेतून प्रत्यक्षात काय निपजले, हा त्यातील लेखनाचा मुख्य प्रश्न होता. तो टिपणवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. (त्यात लिहिणारे डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान पुढे १९७३ ते १९७५ या काळात दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते.)

नवउदारमतवादाशी, म्हणजे मुक्त बाजाराला प्राधान्य देणाऱ्या विचाराशी, होणारी गल्लत टाळण्यासाठी लासलगावच्या कांद्यावर वेळोवेळी आलेली निर्यातबंदी डोळ्यांसमोर आणावी. नवउदारमतवादी तिला बाजारातील हस्तक्षेप म्हणून तत्त्वतःच विरोध करील. नवपुराणमतवादी मात्र त्या निर्णयाने अनपेक्षितपणे काय घडले, हे आधी तपासील. क्रिस्टल यांना मर्यादित कल्याणकारी राज्य मान्य होते आणि बाजाराइतकीच कुटुंब, धर्म व नैतिक शिस्त यांची काळजी होती.

परराष्ट्र धोरणाकडे यानंतर वळावे, आणि येथे घाई करू नये. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जीन किर्कपॅट्रिक यांनी १९७९ मध्ये ‘कॉमेंटरी’ मासिकात असे मांडले की पारंपरिक हुकूमशाही कालांतराने सैल होऊ शकते, क्रांतिकारी साम्यवादी राजवटीबाबत मात्र तशी आशा धरायला आधार नाही, म्हणून मित्रराष्ट्रांतील हुकूमशहांना दूर लोटणे अमेरिकेच्या हिताचे नाही. कोणत्याही देशात, कोणत्याही वेळी लोकशाही आणता येते, ही समजूत त्यांनी त्याच लेखात खोडून काढली होती. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांत राजदूत नेमले. याउलट आयर्व्हिंग यांचे पुत्र विल्यम क्रिस्टल आणि रॉबर्ट केगन यांनी १९९७ मध्ये उभ्या केलेल्या गटाने पुढच्याच वर्षी इराकचे सद्दाम हुसेन यांना सत्तेवरून हटवण्याची मागणी केली. ही दोन मते शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या विचारधारेला एकसंध म्हणू नये.

उत्तर लिहिताना सर्वाधिक जागा या विचारधारेपासून दूर झालेले अमेरिकी विचारवंत फ्रान्सिस फुकुयामा यांच्या २००६ मधील आक्षेपाला द्यावी, असे माझे ठाम मत आहे: सरकारने समाज घडवायला निघण्यातले धोके मायदेशात ज्यांनी दाखवले, त्यांच्याच वारसांनी इराकमध्ये ते धोके नजरेआड केले.