पिकअपच्या छोट्या केबिनमध्ये सबवूफर कसा बसवावा

अंबड-पैठण पट्ट्यातून मोसंबी भरून रात्रभर गाडी चालवणाऱ्याला केबिनमधलं गाणं म्हणजे चैन नव्हे, सोबत असते. पण दारातल्या साध्या स्पीकरवर भजन लावलं की पखवाजाची थाप तेवढी ऐकू येते, घुमारा येत नाही. त्यासाठी सबवूफर, म्हणजे फक्त बेस (खालचे सूर) वाजवणारा मोठा स्पीकर, लागतो. दुकानात गेल्यावर बहुतेकांची नजर १२ इंचीवर जाते. सिंगल केबिनला तो नको. ८ इंची, जागा असेल तर १० इंची, एकच घ्या आणि तोही बंद, म्हणजे कुठूनही हवा न निसटणाऱ्या पेटीतला.

५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या खालच्या सुराच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर भरते. आपली केबिन दोन मीटरचीही नसते. एवढ्याशा बंद जागेत आतली सगळी हवाच दाबली-सोडली जाते आणि सूर जितका खालचा तितका हा परिणाम वाढत जातो. म्हणजे निम्मं काम केबिनच करते. पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली पेटी एक तर मोठी लागते, त्यात इतक्या लहान जागेत तिचा बेस गदगदतो आणि ढोलकी-पखवाज वेगळे कळत नाहीत.

आधी जागा मोजा. सीटची पाठ पुढं पाडा, मागचा जॅक, पाना, दोरखंड सगळं बाहेर काढा. मागचा पत्रा आणि सीटची पाठ यांतलं अंतर खाली वेगळं आणि वर वेगळं घ्या. पाठ मागं कललेली असल्यानं खाली जागा जास्त मिळते, वर कमी. म्हणून पेटीही वर निमुळती करावी लागते. सुताराकडं जाण्याआधी त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करून तिथं ठेवा, सीट लावा आणि बसून बघा. स्टिअरिंगपासूनचं अंतर बदलता कामा नये आणि पंक्चर झाल्यावर जॅक पेटी न सोडवता निघाला पाहिजे. मागं चार इंचही मिळत नसतील तर अॅम्प्लिफायर (आवाजाला ताकद देणारं यंत्र) आतच असलेला चपटा सबवूफर सीटखाली बसतो. मात्र छोटा हत्तीसारख्या ज्या गाड्यांत इंजिनच सीटखाली असतं, तिथं हा विचार सोडून द्या. उष्णता तर असतेच, शिवाय दर सर्व्हिसिंगला सगळं उचकटावं लागेल.

पेटी १८ मिमी प्लायची करा. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण आपल्याकडं केबिनमध्ये सर्रास पाइपनं पाणी मारतात आणि एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. पेटीचं आतलं माप सबवूफरसोबतच्या कागदावर लिटरमध्ये दिलेलं असतं, तेच धरा. सांधे आतून गोंदानं पक्के बुजवा. सबवूफर बसवल्यावर पाचही बोटं पसरून त्याचा कोन (समोरचा हलणारा पडदा) अलगद आत दाबा आणि सोडा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. झटकन आला तर कुठूनतरी हवा निसटतेय, सांधे पुन्हा बघा.

आता जागा ठरवायची. खालचा बेस कोणत्या बाजूनं येतो हे कानाला कळत नाही, त्यामुळं पेटी क्लीनर बाजूच्या सीटमागं ठेवली तरी ड्रायव्हरला काही कमी पडत नाही. स्क्रू मारण्याआधी तिला दोन-तीन ठिकाणी नुसतं ठेवून, काचा बंद करून एकच भजन ड्रायव्हरच्या जागी बसून ऐका. कोनासमोर निदान दोन बोटं मोकळी जागा हवी, सीटची पाठ त्याला टेकता कामा नये. मला विचाराल तर कोनाचं तोंड मागच्या पत्र्याकडं ठेवा. धूळ आणि सामानाच्या धक्क्यापासून तो वाचतो. फक्त त्या पत्र्याला आधी डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा चिकट थर) चिकटवा, नाहीतर गाण्यापेक्षा पत्राच जास्त वाजेल.

पेटी दोरीनं बांधू नका. करकचून ब्रेक लागला तर दहा किलोची पेटी सरळ मानेवर येते. पट्टी आणि नट-बोल्टनं ती फ्लोअरला आवळा. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते डोळ्यांनी बघा.

वायरिंगमध्ये काटकसर नको, गाडी पेटते ती इथंच. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. २५०-३०० वॅटच्या अॅम्प्लिफायरला ८ ते १० स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर थेट बॅटरीवरून घ्या, लायटरच्या सॉकेटमधून कधीच नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज लावा. वायरची एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी दिसली तर ते वरून तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम आहे, परत करा. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) लागतोच. अर्थची वायर तितकीच जाड आणि आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा, पण सीटबेल्टच्या बोल्टला लावू नका. टेपकडून येणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूनं न्या, नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. अॅम्प्लिफायर कार्पेटखाली दाबू नका. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं बाहेरच ४२ अंश असतं, हवा लागली नाही तर तो तापून बंद पडतो.

अॅम्प्लिफायरच्या सेटिंगला बेस बूस्ट शून्यावर ठेवा, लो पास (त्यावरचे सूर अडवणारं बटण) ८० हर्ट्झवर आणि गेन (टेपचा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) अगदी खाली. टेपचा आवाज पाऊण करून गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागं घ्या. मग फेजचं बटण ० आणि १८० असं दोन्हीकडं करून ऐका, ज्यात घुमारा भरीव वाटेल ते ठेवा. गाणं चालू असताना मागची काच, दाराचं पॅनल, नंबरप्लेट यांवर एकेक करून तळहात दाबा. ज्याला हात लावल्यावर थरथर थांबते तिथं फोमची पट्टी लावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर धरा, १४ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिचमिचत असेल तर गेन कमी करा.

आवाज एवढाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न काचा बंद असतानाही ऐकू येईल. दवाखाना आणि शाळेभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. रात्री १० ते सकाळी ६ गावातून जाताना बेस बंदच करा.

पहिली भरलेली खेप करून आलात की अर्थचा बोल्ट, फ्यूजची टोकं आणि पेटीचे नट पुन्हा एकदा आवळा. आपल्या रस्त्यांवर ते हमखास सैल झालेले असतात.