उत्तम शुक्रवारी वधस्तंभाचा अर्थ कसा समजावून सांगावा

धुळे किंवा नवापूर येथील मंडळीत (चर्चमध्ये) उत्तम शुक्रवारचा, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूच्या स्मरणदिनाचा (गुड फ्रायडेचा), अभ्यासवर्ग घेणाऱ्याने प्रथम बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १५ वा अध्याय सलग वाचावा. वेदनांच्या वर्णनात रेंगाळू नये, कारण मार्कही तेथे रेंगाळत नाही. त्यानंतर जुन्या करारातील स्तोत्र २२ वाचले, की ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा येशूचा वधस्तंभावरील आक्रोश इस्राएलाच्या जुन्या प्रार्थनेतून आला आहे, हे श्रोत्यांना आपोआप उमगते.

रोमी सुभेदार पिलाताच्या हुकुमाने रोमी सैनिकांनी दिलेली, मुख्यतः गुलाम व बंडखोरांसाठी असलेली वधस्तंभाची ही लज्जास्पद शिक्षा विश्वासणारे तारणाचे साधन का मानतात, या प्रश्नाला मात्र भरपूर वेळ द्यावा : कोणी तीत पापांची खंडणी पाहतात, कोणी मृत्यूवरील विजय, तर कोणी देवाच्या प्रीतीचा पुरावा, आणि यांपैकी एकच उत्तर लादणे मला योग्य वाटत नाही. यहुदी समाजाला दोष देणारी मांडणी कटाक्षाने टाळावी. येशूच्या पुनरुत्थानाचा विषय ईस्टरच्या रविवारसाठी राखावा.