एकच हॉल, दहा कामं: या चुका टाळा

इंदूरच्या मराठी वस्तीतल्या सभागृहाचा दिवस साधारण असा: सकाळी योगवर्ग, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी तबल्याचा क्लास. श्रावण-भाद्रपदात तर विचारूच नका. हॉल अपुरा पडतो अशी ओरड सुरू झाली की आधी सामानाची खोली बघावी. बहुतेक वेळा अपुरी तीच असते.

नकाशात कोठीघर सगळ्यात शेवटी, जिन्याखाली उरेल तेवढ्या जागेत बसवतात. मग टेबलं, सतरंज्या, नाटकाचे पडदे, गणपतीचं मखर असं सगळं हॉलच्याच मागच्या भिंतीला येऊन टेकतं आणि १००० चौरस फुटांचा हॉल ८०० चा होतो. नवं बांधकाम असेल तर कोठी हॉलला लागून, त्याच पातळीवर, रुंद दाराची ठेवा, उंबरा नको. जुन्या हॉलात निदान घडीची टेबलं, एकात एक बसणाऱ्या खुर्च्या आणि त्या ढकलायला चाकांची ट्रॉली घ्या.

सिमेंटचा पक्का रंगमंच हीसुद्धा हौसेची चूक. वर्षातली चार नाटकं सोडली तर तो नुसता जागा अडवतो. लाकडी सुटे प्लॅटफॉर्म जोडून काम भागतं.

घडीचं पार्टिशन लावूनही पलीकडचा तबला ऐकू येतो? वर बघा. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबलेलं असतं आणि आवाज वरच्या पोकळीतून पलीकडे उतरतो. पार्टिशनच्या रेषेत ती पोकळी स्लॅबपर्यंत बंद करा, खालच्या फटीला रबरी पट्टी लावा. एवढं करूनही तबल्याशेजारी ध्यानवर्ग ठेवलात तर दोष पार्टिशनचा नाही. दोन्ही भागांचे पंखे-दिवे वेगळ्या बोर्डांवर हवेत, हे वायरिंगच्या वेळीच सांगा.

बुकिंग पाच ते सहा आणि लगेच सहा ते सात देऊ नका. मध्ये अर्धा तास सोडा. कार्यक्रमानंतर पोहे असतील तर पाऊण, कारण सतरंजीत गेलेली शेव सहजासहजी निघत नाही. बिछायत कोण घालणार, कोण उचलणार आणि ओला-सुका कचरा कोण वेगळा करणार, हे पावतीवरच छापा. तोंडी ठरलेलं निम्मं काम चौकीदाराच्या गळ्यात पडतं.

राहिला माईक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला सूट आहे ती आतल्या आत ऐकण्यापुरती. मे महिन्यात खिडक्या सताड उघड्या टाकून ही सूट कोणी सांगू नये.