माकडे कौलांवर उतरू नयेत म्हणून

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या घरांत कौले फुटतात ती बहुधा वरून पडलेल्या उडीने. म्हणून छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या निदान ३-४ मीटर मागे छाटा. स्वयंपाकघराच्या खिडकीला १ इंच चौकोनाची वेल्डेड जाळी बाहेरून स्क्रूने बसवा. नायलॉनची जाळी दातांनी तुटते, शिवाय पिल्ले तीत अडकतात, आणि मग कळप हटत नाही. फणस, पपई झाडावर पिकू देऊ नका. फटाक्यांना माकडे लवकर सरावतात. माकड समोर आलेच तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दिसतील असे हसू नका. त्याला ती धमकी वाटते. चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.