वस्तऱ्याने दाढी केल्यावर आग का होते, आणि ती कशी थांबवावी

दाढीनंतर गळा लाल झाला, चुरचुरला की बहुतेक जण आधी साबण बदलतात, मग लोशन. त्याआधी एक करा. आग नेमकी कुठे होते आणि केव्हा होते, हे दोन-तीन दाढ्यांना नीट बघा. निम्मं कारण तिथेच सापडतं.

वस्तरा फिरत असतानाच केस ओढले जात असतील, तर धार गेली आहे किंवा केस पुरते भिजलेले नाहीत. दाढी उरकून पाणी मारल्यावर आग झाली, तर केसांबरोबर कातडीही खरवडली गेली. एक-दोन दिवसांनी पुटकुळ्या आल्या आणि एखादीत वळलेला केस दिसला, तर केस फार खालून कापला गेला आणि वाढताना परत कातडीत शिरला. कुरळी दाढी असलेल्यांना हा त्रास जास्त. आणि जिथे पातं लागलंच नाही तिथे, म्हणजे कपाळावर, पापण्यांवरही खाज असेल, तर वस्तऱ्याला उगाच दोष देऊ नका. त्याबद्दल पुढे.

आधी धार

वस्तऱ्याचं पातं बहुधा कार्बन स्टीलचं असतं आणि ते गंजतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत तर जास्तच. डाग डोळ्यांना दिसायच्या आधीच धारेवर बारीक खळगे पडतात आणि ते केस कापण्याऐवजी ओढतात. म्हणून दाढी झाल्यावर पातं गोड्या पाण्याने धुवा, मुठीच्या खाचेपर्यंत कोरडं पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटातही नको, चामडं ओल धरतं.

प्रत्येक दाढीआधी पातं चामड्याच्या पट्ट्यावर 30-40 वेळा फिरवा. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच पालटायचं. जोर अजिबात नको आणि पट्टा ताठ हवा. सैल पट्ट्यावर धार गोल होते. धार लागली की पातं हाताची लव न ओढता कापतं. एवढं करूनही केस ओढले जात असतील तर दगडावर लावायची वेळ आली. ते काम पहिल्यांदा जाणकाराकडे द्यावं.

पाणी

याचा विचार फारसा कुणी करत नाही. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. अशा जड पाण्यात साबण फुलत नाही, त्याचा चिकट साका होतो. तो केसांना भिजवत नाही, वर कातडीवर बसून राहतो. पावसाळ्यात एक प्रयोग करा. पहिल्या दोन-चार सरींनी कौलं धुतली गेली की पागोळीचं पाणी भांड्यात धरा आणि त्याच साबणाचा त्यात फेस काढा. फेस दाट, ओलसर आला आणि दाढीही सुखाची झाली, तर दोष विहिरीच्या पाण्याचा. मग उन्हाळ्यात दाढीपुरतं प्यायचं गोडं पाणी वापरा, तांब्याभर पुरतं.

आता दाढी

दाढी आंघोळीनंतर करा, नाहीतर कोमट पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर धरा. भिजलेला केस कापायला बराच कमी जोर लागतो.

फेस लावण्याआधी बोटं गालावरून, हनुवटीखाली, गळ्यावर फिरवून बघा. जिकडे गुळगुळीत लागतं तिकडे केस वळलेले, जिकडे खरखरीत लागतं ती उलटी बाजू. गालावर केस खाली वाढतात, पण गळ्यावर बऱ्याच जणांचे आडवे, काहींचे तर खालून वर. गळ्याची आग बहुतेक इथूनच सुरू होते, कारण माणूस सवयीने सगळीकडे वरून खाली ओढतो.

मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा. पातं कातडीशी साधारण 30 अंशात ठेवा: फार उभं धरलं तर खरवडतं, फार आडवं धरलं तर केस ओढतं. पहिला हात सुलटा. दुसरा हवाच असेल तर पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात गळ्यावर मारूच नका. सलूनमध्ये गुळगुळीत होते म्हणून घरीही तशीच हवी, हा हट्ट महागात पडतो. आणि फेस गेलेल्या जागी 'राहिलंय जरासं' म्हणून कोरडं पातं फिरवणं तर सर्वांत वाईट.

दाढी झाल्यावर

गार पाणी मारा आणि ओली तुरटी एकदाच फिरवा. जिथे ती जास्त झोंबेल तिथे तुमचा हात जड पडला. पुढच्या खेपेला तिथे हलकं चाला. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, नाहीतर कातडी कोरडी पडते. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, काळे डाग उठतात. मे महिन्यातल्या घामात दाढी संध्याकाळी केलेली बरी. सकाळी केली की हेल्मेटचा पट्टा दिवसभर नेमका तिथेच घासतो.

सलूनमध्ये नवं ब्लेड डोळ्यांदेखत घालायला सांगा. दहा जणांच्या गालांवरून फिरलेला तुरटीचा खडाही नाकारा. हेपटायटिस बी रक्तातून पसरतो, त्यात संकोच कसला.

आता ती कपाळावरची खाज. हापूस उतरवताना देठाचा चीक उडतो, काजूच्या टरफलातलं तेल बोटांना राहतं आणि तोच हात तोंडावर फिरतो. दोन्ही एकाच कुळातली झाडं, दोन्हींनी चट्टे उठतात, आणि ताज्या दाढीवर तर जोरात. हंगामात दाढीआधी हात साबणाने दोनदा धुवा.

पुळ्यांत पू झाला, किंवा गोल चट्टा कडेने पसरू लागला, तर दाढी थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून खाजेचं मलम आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवस उतरते आणि नायटा आतून पसरत राहतो.