ॲल्युमिनियमच्या जुन्या बोटीची गळती: आधी शोधा, मग ठोका, सीलंट सर्वांत शेवटी

बोट गळायला लागली की पहिला हात सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाच्या, ट्यूबकडे जातो. तो आवरा. जुन्या, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या, दोन्हीकडून डोकं ठोकलेल्या धातूच्या खिळ्या) मारलेल्या बोटीत पाणी येतं ते बहुतेक वेळा रिव्हेट सैल झाले म्हणून. लाटा आपटतात, ट्रेलरवर हादरे बसतात आणि पत्रा रिव्हेटभोवती केसभर सरकू लागतो. सरकत्या जागेवर वरून कितीही लेप द्या, तो फुटणारच. म्हणून जे हलतंय ते आधी घट्ट करायचं आणि मगच बंद करायचं.

तळाकडे वळण्याआधी सोप्या जागा बघून घ्या: ड्रेन प्लगचं (आतलं पाणी काढायच्या बुचाचं) रबर, प्लगची नळी, मागच्या फळीतले मोटरचे बोल्ट, सेन्सरचे स्क्रू. तिथेच दोष सापडला तर पुढचे कष्ट वाचतात.

आता खरा शोध. बोट ट्रेलरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर नीट बसवा, कण्याला (तळाच्या मधोमध जाणाऱ्या लांब पट्टीला) आणि दोन्ही बाजूंना आधार द्या. बाहेरून तळ कोरडा पुसून सगळ्या सांध्यांवर आणि रिव्हेटच्या ओळींवर खडू घासा. मग आत पाणी भरा. पण बेताने. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद सपाट तळावर 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे 600 किलो वजन. पाण्यात तरंगताना तळाला सगळीकडून आधार असतो, जमिनीवर तो फक्त ठोकळ्यांपुरता असतो. मी आधी नाक वर करून मागचा भाग भिजवतो, मग उलट. एकदम अख्खी बोट भरत नाही.

नंतर घाई करू नका. ओल आली की खडू गडद होतो. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही, तो कण्याच्या कडेने वाहत येऊन पडतो. फडक्याने पुसत वर वर जा आणि पहिला ओला ठिपका गाठा. रिव्हेटला गोल, सांध्याला रेघ, भोकाला फुली अशा खुणा मार्करने करा. शिसपेन्सिल नको. तिच्यातलं ग्राफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं.

पाणी काढून बोट वाळली की रिव्हेट तपासा. बोटाचं टोक अर्धं रिव्हेटच्या डोक्यावर, अर्धं पत्र्यावर ठेवा आणि दुसऱ्याला आतून हलकेच ठोकायला सांगा. सैल रिव्हेट बोटाखाली वेगळा थरथरतो. अशा डोक्याभोवती बऱ्याचदा काळपट वलयही दिसतं. ती घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी असते.

घट्ट करायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर जड पोलादी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतलं टोक गोल तोंडाच्या हातोडीने ठोकायचं. मोजके, ठसठशीत घाव. ठोकळा नीट टेकला नसेल तर पत्र्यालाच पोचा येतो, म्हणून धरणाऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय घाव घालू नये. रिव्हेट बसला की फुटका आवाज जाऊन टणक आवाज येतो. तो आला की थांबा. जास्त ठोकलं तर डोकं चिरतं.

ज्याचं डोकं झिजलंय किंवा जो ठोकूनही बसत नाही, तो बदला. डोक्याच्या मधोमध पंच मारा, रिव्हेटच्या दांड्याच्या मापाचं बिट घेऊन फक्त डोकं पोखरा आणि उरलेला दांडा पंचने पाडा. भोक लांबट झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट घ्या. तो ॲल्युमिनियमचाच हवा, तांब्याचा किंवा साध्या लोखंडाचा अजिबात नको. बाकाखाली आतून हात पोहोचत नसेल तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने गनने बसवता येणारा) चालतो, पण बंद टोकाचा. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, पाणी त्यातूनच आत येतं. दोन्ही प्रकार पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून ओले असतानाच बसवा.

सांध्यांचं काम आतून. आधी कोणी सिलिकॉन भरलं असेल तर कणन् कण खरवडून काढा, त्याच्यावर काहीच चिकटत नाही. जागा स्टेनलेसच्या ब्रशने घासा. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. ॲसिटोनने पुसा. ॲल्युमिनियमवर काही क्षणांतच ऑक्साइडचा थर येतो, त्यामुळे मी एपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या गोंदाचा) पहिला पातळ हात देऊन तो ओला असतानाच पॉलिश पेपरने घासतो. म्हणजे ताज्या धातूला हवा लागण्याआधी एपॉक्सी लागतं. त्याआधी पत्रा हेअर ड्रायरने कोमट केला की एपॉक्सी फटीत छान शिरतं.

पांढरी भुकटी आणि सुईएवढी भोकं दिसली तर कारण शोधा. बहुधा तिथे भिजलेला फोम (बोट तरंगती राहावी म्हणून आत भरलेला), तांब्याच्या द्रावणाने टिकाऊ केलेलं प्लायवूड किंवा मासेमारीचं विसरलेलं शिशाचं वजन पत्र्याला चिकटून असतं. ते काढलं नाही तर शेजारी नवीन भोक पडेल. एकटदुकट भोक एपॉक्सीने बुजतं, चाळणीसारख्या जागेला ठिगळच हवं. चीर पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग 5052 जातीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचं, कोपरे गोल केलेलं ठिगळ खाली सीलंट भरून रिव्हेटने बसवा.

वेल्डिंग मी शेवटचा पर्याय मानतो. पातळ पत्रा वितळण्याआधी रंग बदलत नाही, उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात आणि जवळ फोम असेल तर तो पेटून विषारी धूर करतो. करायचंच असेल तर फोम काढून, टिग (TIG) पद्धतीचं वेल्डिंग जाणणाऱ्या वेल्डरकडून.

बाहेरून रंग द्यायचा असेल तर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला हात, मारा आणि तांबं असलेला तळाचा रंग टाळा. सीलंट पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर द्या. मग पुन्हा खडू, पुन्हा पाणी. जमिनीवर कोरडी राहिली तरी पहिल्या फेरीत किनाऱ्याजवळच मोटर जोरात चालवा आणि थांबून बाकांखाली हात फिरवा, कारण काही रिव्हेट हादरा बसल्यावरच गळतात.